राजिवड्याचा आवाज

'निर्मळ' बोट, सुवैक बंदर, ओमान
१४ जानेवारी २०२५

ती. लॉराताईस,
फ्लोराचा सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं पत्र मिळालं. तू लिहितेस, शेजारचा ऑलविन फोटो काढून पाठवतो आणि बंदरात सिग्नल आला की मी चष्मा पुसत वाचते, आणि माझं पत्र तो तुला छापून देतो. तुझ्या कानांनी संप पुकारल्यापासून आपलं हेच बरं चाललंय. फोनवर तू नुसती मान डोलवायचीस आणि मी एवढी ओरडायचे की शेजारच्या बोटीवरच्या मच्छीमारांना आपल्या घरच्या सगळ्या भानगडी पाठ झाल्या असत्या.

तू विचारलंस, मस्कतला वादी अदाईत कॅन्डिसचं, पोटच्या लेकीचं घर असताना या वयात पाण्यावर कसलं बिऱ्हाड? ताई, हाच प्रश्न मी नॉरबर्टला उठता-बसता विचारते. जन्मभर मस्कतच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्यांच्या बोटी दुरुस्त केल्या, आता स्वतःच्या बोटीत राहीन म्हणतो. एका इंग्रजाने सोडून दिलेली ही शिडाची बोट त्याने खपून उभी केली आणि आपल्या निर्मळ गावाचं नाव दिलं. वर अर्बाबची, म्हणजे त्याच्या वर्कशॉपच्या मालकाची फूस. तो म्हणाला, यल्ला, चल, फिरायचंच आहे तर किनाऱ्यावरच्या बंदरांतली आपली इंजिनं बघत फिर. म्हणून सीबहून निघालो ते बरका, सुवैक करत आता खाबुऱ्याकडे. पुढे सोहार, आणि उन्हाळ्याआधी मुसंदमचे डोंगर. इन्शाल्ला, असं इथे म्हणायचं आणि गप्प बसायचं.

माझं स्वयंपाकघर तुझ्या कपड्यांच्या कपाटाएवढं आहे. एका हाताने भाताचं पातेलं धरायचं आणि दुसऱ्या हाताने स्वतःला. झोपायला जागा आहे, पण कुशीवर वळायचं तर दोघांनी ठरवून वळावं लागतं. रेडिओ मात्र माझ्या ताब्यात आहे. रुवीच्या हॉटेलात एवढी वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते ती विद्या कामाला आली. बोटीचं नाव सांगायचं, बोलणं संपलं की ओव्हर म्हणायचं. नॉरबर्ट म्हणतो, घरातही म्हणत जा, म्हणजे माझी पाळी कधी येते ते मला कळेल.

तक्रारी खूप लिहिल्या. खरं सांगू? संध्याकाळी वारा पडतो, मच्छीमार जाळी आवरतात, आम्ही दोघं पाय सोडून चहा पीत बसतो, तेव्हा मला कुठेच जावंसं वाटत नाही. हे त्याला कळवू नकोस.

ऑलविनला आशीर्वाद. माया आहेच, पण पत्रातून दिसत राहिली की बरं वाटतं.

तुझी,
फ्लोरा


गिरीज, वसई
२७ जानेवारी २०२५

चि. सौ. फ्लोरास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून मी एकटीच हसत बसले, तर ऑलविनला वाटलं म्हातारीच्या कानांबरोबर आणखीही काही गेलं. कप्तानसाहेबांना सांग, फ्लोराने ओव्हर म्हटल्यावरही ती संपत नाही, हे मी तिच्या पाळण्यापासून बघतेय.

इकडे सगळं ठीक. यंदा वाल चांगला आलाय. परवा मिस्साला गेले तर फादरांनी कागदावर लिहून तुमची चौकशी केली. बोटीवर राहतात म्हटल्यावर म्हणाले, येशूच्या शिष्याचा, पेत्राचाही धंदा तोच. मी म्हटलं, पेत्र बुडायला लागल्यावर धरायला येशू होता.

आता रागावू नकोस. तुला पोहता येत नाही. ते फुगीर जाकीट खुंटीवर शोभेला टांगू नकोस, अंगात घाल. दुसरी धास्ती मला नॉरबर्टची आहे. माणूस सोन्यासारखा, पण परत फिरू या हे शब्द त्याच्या तोंडात नाहीत. आठवतंय ना, तुमच्या लग्नानंतर अर्नाळ्याला निघाला तेव्हा रस्त्यात कंबरभर पाणी होतं तरी स्कूटर ढकलत तुला घेऊन गेलाच. तो रस्ता होता. समुद्रात ढकलायला खाली जमीन नसते.

वाऱ्याची खबर काढल्याशिवाय निघू नका. पोचल्याचं लगेच कळव. जीव लावलाय तो सांभाळा, एवढंच मागणं.

तुझी ताई,
लॉरा


खाबुरा
११ फेब्रुवारी २०२५

ती. लॉराताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघं सुखरूप आहोत. आधी हे नीट वाच आणि मग पुढचं.

शनिवारी सकाळी सुवैकहून निघालो तेव्हा समुद्र तेलासारखा शांत होता. वारा रात्री उठणार, अशी खबर होती. तो दुपारीच उठला. थंडीत वायव्येकडून येतो, शमाल म्हणतात इथे. बघता बघता पाणी पांढरं झालं. मी जाकीट घालून रेडिओजवळ बसले होते. तेवढ्यात त्यावर एक माणूस ऐकू यायला लागला. कोस्ट गार्डचा ऑपरेटर इंग्रजीत विचारत होता, तुम्ही कुठे आहात, आणि हा तोडक्या हिंदीत सांगत होता, पानी आया, पानी आया. दोघांना एकमेकांचं धड ऐकूही जात नव्हतं. मध्येच तो माणूस वैतागून स्वतःशीच म्हणाला, या अल्ला, ह्यांना आता कसा सांगू.

ताई, माझा हात आपोआप बटणावर गेला. मी मराठीत म्हटलं, भाऊ, मला सांगा, मी त्यांना सांगते. मग तो माणूस रडायलाच लागला.

नाव मुश्ताक होडेकर. रत्नागिरीचे, राजिवड्याचे. एका जुन्या मालाच्या लाँचवर इंजिन ड्रायव्हर. लाँचमध्ये पाणी शिरलं तसे बाकीचे खलाशी रबरी होडीत उतरले. हे खाली पंप चालवत होते. वर आले तेव्हा होडीचा दोर तुटला होता आणि ती हाकेपलीकडे गेली होती. लाँचवरची यंत्रं पाण्याने बंद पडलेली. हातातला लहान रेडिओ तेवढा चालू होता. त्याचा आवाज किनाऱ्यापर्यंत नीट पोचत नव्हता, आमच्यापर्यंत पोचत होता. म्हणून कोस्ट गार्डने मला मध्ये राहायला सांगितलं. ते विचारायचे, मी मराठीत करायचे, मुश्ताकभाई सांगायचे, मी इंग्रजीत करायचे. सूर्य कुठल्या अंगाला आहे? डोंगर दिसतो का? कुठलं जहाज दिसतं, रंग कसला? पण ते इंजिनवाले. आपण कुठे आहोत हे वरच्या माणसांनी बघायचं असतं, आणि वरची माणसं गेली होती.

त्यांच्या सगळ्यांत जवळ आम्ही होतो. नॉरबर्टने बोट वाऱ्याकडे वळवली. पुढचं शीड फाटलं. इंजिन तापून धुरावलं, ते थंड करून त्याने पुन्हा लावलं, पुन्हा धुरावलं. आम्ही जागच्या जागी आपटत होतो. पाणी आत येऊन माझ्या पायाखालच्या फळ्या तरंगायला लागल्या. मग नॉरबर्टने माझ्याकडे न बघता सुकाणू फिरवलं. तूच लिहिलं होतंस ना, की ते शब्द त्याच्या तोंडात नाहीत. त्याने ते उच्चारले नाहीतच. नुसतं सुकाणू फिरवलं. मीही थांब म्हटलं नाही.

मुश्ताकभाईंना सांगणं माझ्याकडे आलं. मी सांगितलं, की भाऊ, आमची बोट पुढे येत नाही, आम्ही परत फिरतोय, कोस्ट गार्डच्या बोटी निघाल्यात. ते म्हणाले, बरोबर केलंत, तुमच्यात बाईमाणूस आहे. मग म्हणाले, बोलणं तेवढं बंद करू नका.

मी बोलत राहिले. काय बोलले ते आज लिहवत नाही. संध्याकाळ व्हायच्या सुमाराला त्यांचा आवाज बंद झाला.

रबरी होडीतले सगळे एका जहाजाला सापडले. लाँच सापडली नाही. कोस्ट गार्डने काल अंधार पडेपर्यंत शोधलं. काही पिंपं मिळाली. बंदरावर एक जण हात झटकून म्हणाला, खलास. वाईट मनाने नव्हे, या किनाऱ्यावरची माणसं असंच बोलतात. पण नॉरबर्ट तिथून उठून गेला.

एक काम सांगते. लाँचच्या मालकाच्या ऑफिसने मुश्ताकभाईंच्या घरी फोन करून बेपत्ता एवढा एक शब्द कळवलाय म्हणे. त्या घरी कोणी तरी माणसाने जाऊन बसायला हवं. तुझी रत्नागिरीची शिक्षक मैत्रीण घर शोधून देईल का?

आज आणखी लिहवत नाही. तू मला धरून राहा.

फ्लोरा


गिरीज, वसई
१५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. फ्लोरास,
अनेक आशीर्वाद.

पत्र हातात घेऊन मी किती वेळ ओट्यावर बसले होते कोण जाणे. शेवटी ऑलविनने पत्र काढून घेतलं आणि पाणी दिलं.

आधी नॉरबर्टचं. त्याला पुढची ओळ मोठ्याने वाचून दाखव. नॉरबर्ट, तू परत फिरलास म्हणून मला बहीण आहे. दुसऱ्या कोणी तुला काही म्हटलं तर त्याला माझ्याकडे पाठव.

मैत्रिणीला कळवलंय. तिचा भाचा केयूर तिथल्या शाळेत आहे, तो घर शोधतो म्हणाला. मिळालं की ऑलविन मला घेऊन जाईल. ऐकू न येणाऱ्या बाईने सांत्वनाला जावं हे विचित्रच, पण नुसतं बसायला कान लागत नाहीत.

मुश्ताकसाठी मी मिस्सा सांगायला गेले होते. फादरांनी लिहून विचारलं, मृतांसाठी की प्रवाशांसाठी? मी पुन्हा नुसतं नाव सांगितलं. त्यांनीच काही तरी लिहून घेतलं.

तुम्ही आता कॅन्डिसकडे जा गं. हट्ट पुरे. तुमच्याशिवाय मला कोण आहे?

तुझी ताई,
लॉरा


खाबुरा
२४ फेब्रुवारी २०२५

ती. लॉराताईस,
सा. न. वि. वि.

तुझी ओळ नॉरबर्टला वाचून दाखवली. त्याने ऐकली, उठला आणि इंजिनाकडे गेला. वादळाच्या दिवसापासून तेच चाललंय. इंजिन सगळं खोललंय. माझ्या अंथरुणावर, ओट्यावर, जिथे बघावं तिथे तेलकट तुकडे. एकेक पुसतो, उजेडाकडे धरून बघतो, खाली ठेवतो. दोष शोधतोय. दोष नाहीये, ताई. इंजिन त्याने उत्तम राखलं होतं. लाटा इंजिनापेक्षा मोठ्या होत्या, एवढंच. हे मी म्हटलं तर तो म्हणतो, असेल, आणि पुढचा तुकडा उचलतो.

कॅन्डिस आणि वॉरन गाडी घेऊन आले होते. वॉरन जावई असून मुलासारखा बोलला, की पप्पा, एक खोली रिकामीच आहे, चला. कॅन्डिस तर माझी बॅग भरायलाच लागली. नॉरबर्ट म्हणाला, इंजिन उघडं टाकून कसा येऊ. इंजिन जोडायचं नाव काढत नाही. बोट चालत नाही आणि आम्ही उतरत नाही, असं झालंय. मी लेकीबरोबर जाऊ शकले असते. पण तो पहाटे उठून धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहतो, आणि मी केबिनमधून त्याच्या पाठीकडे बघत असते. त्याला तिथे एकटा टाकून कशी जाऊ?

इथला एक म्हातारा मच्छीमार रोज येतो. खजूर आणि कॉफीची किटली आणतो, नॉरबर्टशेजारी बसतो, तुकडे पुसू लागतो. त्याचा भाऊ असाच गेला होता, असं धक्क्यावर कॉफी विकणाऱ्या पोराकडून कळलं.

रेडिओ मी चालू ठेवते. कोणी बोललं की दचकते आणि बंद ठेवला तर झोप येत नाही.

घर सापडलं का? तुझ्या मायेवरच दिवस काढतेय.

फ्लोरा


गिरीज, वसई
१० मार्च २०२५

चि. सौ. फ्लोरास,
अनेक आशीर्वाद.

काल रत्नागिरीहून परत आले. जाऊन आले हे बरं झालं, आणि गेल्यामुळे तुझ्यावर एक ओझं घेऊन आलेय.

केयूरने घर बरोबर दाखवलं. खाडीच्या बाजूला, पायऱ्या चढून वर. मुश्ताकची बायको अमीरुन्निसा, आणि मुलगी रईसा, कॉलेजात आहे. सांगितलं, की मी त्या रेडिओवरच्या बाईची बहीण. अमीरुन्निसाने माझा हात धरला तो दिवेलागणीपर्यंत सोडला नाही. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर रईसा आईचं प्रत्येक बोलणं फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून माझ्यापुढे धरत होती. एक शब्द गाळला नाही त्या पोरीने. अमीरुन्निसाचा रमजान, माझा उपवासकाळ. दोघी उपाशी बसून होतो. रोजा सोडताना तिने पहिला खजूर मला दिला.

ती रडत नाही, फ्लोरा. घरात नातेवाईक भरलेत आणि सगळे तिच्या वतीने भांडतायत. कोणी म्हणतं, तिला इद्दतीला बसवा, विधवेने पाळायचे दिवस असतात ते. कोणी म्हणतं, मय्यत नाही तर इद्दत कसली. कोणाला वाटतं तो एखाद्या जहाजावर असेल, परक्या बंदरात असेल. तिला कोणी विचारत नाही. विचारलं तरी ती काय सांगणार? कुंकवासारखंच त्यांचंही काळ्या मण्यांचं असतं. ते तिने काढलेले नाहीत. तू पत्र लिहिशील तेव्हा सौ. लिहायला विसरू नकोस.

निघताना तिने एकच मागितलं. रईसाने लिहून दाखवलं ते जसंच्या तसं देते. त्यांचं शेवटचं बोलणं तुमच्या बहिणीशी झालं. माझ्यासाठी काय निरोप दिला ते तेवढं त्यांना कळवायला सांगा.

तुम्ही दोघं त्या दिवशी काय बोललात ते तू मला लिहिलं नाहीस. त्यावरून मला वाटतं निरोप नसावा. नसला तर एक वाक्य तू रच, बाळा. अमीरुन्निसाला सांगा, मी तिची आठवण काढली, असलं साधंच. खोटं म्हणून बघू नकोस, औषध म्हणून बघ. मी जन्मभर शाळेत मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारल्यात, ती मी तुला हे सांगतेय. देव रागावला तर मी आधी जाणारच आहे, मी उत्तर देईन.

नॉरबर्टला माझं प्रेम. लवकर लिही, ती वाट बघतेय.

तुझी ताई,
लॉरा


खाबुरा
१७ मार्च २०२५

ती. लॉराताईस,
सा. न. वि. वि.

तुझा तर्क खरा आहे. निरोप नव्हता.

तू सांगितलंस तसं मी लिहून बघितलं. चांगलं वाक्य झालं होतं. पण वाचलं की त्यात मला माझाच आवाज ऐकू यायचा, हॉटेलातला. साहेब आत्ता बाहेर गेलेत, तुमचा निरोप देते, तसला. मुश्ताकभाई असं बोलत नव्हते. रईसा हुशार आहे, तिला कळेल. अमीरुन्निसाला तर पहिल्या शब्दाला कळेल.

शेवटी नॉरबर्टला विचारलं. त्या दिवसाबद्दल तो पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, आपण येत नाही हे तू त्याला खरं सांगितलंस. मी असतो तर येतोय म्हणून सांगत राहिलो असतो. तुला खरं सांगता येतं, तर तेच सांग. एवढं बोलून तो पुन्हा तुकडे पुसायला लागला.

सोबतचं पत्र ऑलविनकडून छापून घे आणि रईसाला पोस्टाने पाठव. फोनवर नको. त्यांना हातात धरायला काही तरी असू दे. तुझं ऐकलं नाही म्हणून रागावलीस तरी चालेल, परकी मात्र करू नकोस.

फ्लोरा


खाबुरा, ओमान
१७ मार्च २०२५

सौ. अमीरुन्निसाभाभी यांस,
फ्लोरा तुस्कानोचा सलाम.

मी तुम्हाला पाहिलेलं नाही. माझ्या बहिणीने तुमचं घर सांगितलं, पायऱ्या सांगितल्या, तेवढ्यावर लिहितेय. मुश्ताकभाई माझ्याशी जे बोलले ते सगळं इथे लिहिते. त्यात माझं काही घातलेलं नाही.

सुरुवातीला ते घाबरले होते. हे तुमच्यापासून लपवत नाही. मराठी ऐकून रडले, मग लाजले, आणि मी वसईची म्हटल्यावर म्हणाले, वसईची केळी आमच्या बाजारात येतात, पण ती दाबून पिकवलेली असतात. त्या वेळी हे ऐकून मला हसू आलं, आणि तेही हसले. नंतर बराच वेळ कोस्ट गार्डचं विचारणं चाललं होतं. त्यांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. दिसत नाही ते दिसत नाही म्हणाले.

आम्ही परत फिरलो. माझ्या बहिणीने तुम्हाला सांगितलं असेल. आम्ही त्यांच्यापर्यंत पोचू शकलो नाही. माझे यजमान अजून स्वतःला माफ करत नाहीत, आणि मी त्यांना काही म्हणू शकत नाही.

मग मुश्ताकभाई म्हणाले, बोलत राहा. मी विचारलं, काय बोलू? ते म्हणाले, आज काय रांधलंत ते सांगा. मी सुरमईचं कालवण सांगितलं, चिंच घातलेलं. ते चिडलेच. म्हणाले, सुरमईला चिंच? आमसुलं टाकावीत. बांगडा असेल तर तिरफळं, तीही ठेचून. वाटणात खोबरं आधी की मिरची आधी, यावर अडकले, आणि म्हणाले, घरात विचारून सांगतो. रईसाबद्दल म्हणाले, की ती फेऱ्या मारत मोठ्याने पाठ करते, त्यामुळे अर्धा अभ्यास मलाही येतो. पंपाबद्दल खूप बोलले. तो त्यांनी स्वतः किती वेळा उघडून बसवला, त्याचा कुठला भाग झिजलाय, सगळं. पंपाबद्दल बोलताना त्यांचा आवाज सगळ्यात शांत होता. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. कळतंय असं भासवत हूं हूं करत राहिले.

तुमचं नाव त्यांनी घेतलं नाही, भाभी. घरात, एवढंच म्हणायचे. याचा अर्थ मी लावून देत नाही. तो तुम्हालाच ठाऊक.

शेवटी शेवटी त्यांच्याकडे पाण्याचा आवाज फार मोठा झाला होता. ते मला म्हणाले, बाय, जरा थांब, पंपाकडे बघून येतो. मी हो म्हटलं. त्यानंतर ते बोलले नाहीत. आमची बोट बंदराला लागली, यजमानांनी दोर बांधले, कोणी तरी मला खांद्याला धरून उठवायला आलं, तरी मी रेडिओ हातात धरून होते, कारण ते येतो म्हणून गेले होते.

तुम्ही निरोप विचारलात. जाणारा माणूस निरोप देतो. ते परत यायचं म्हणून उठले होते, म्हणून तो माझ्याकडे नाही. असता तर मी चालत तुमच्या दारी आले असते.

तुम्ही वाट बघावी की बघू नये, हे सांगणारी मी कोण? ते थांब म्हणाले आणि मी हो म्हटलं. त्या होकाराचं आता काय करायचं, हे मला कळत नाही. तुम्हाला कळलं तर रईसाच्या हातून दोन ओळी कळवा. नाही कळलं, तरी कळवा.

रईसाला पुष्कळ प्रेम. तुमच्या माणसापर्यंत माझा नुसता आवाज पोचला होता, तो परका मानू नका.

तुमची,
फ्लोरा